ज्वारीचं पोतं आणि अक्काचे गुडघे

धाराशिव जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंपेक्षा ताठ माणूस सापडणं अवघड आहे. आणि सापडलाच, तर चौकशी करून पाहावी, तो त्यांचा सख्खा नाहीतर चुलत भाऊ निघेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, 'पाव्हणं' म्हणतात. राहणार अणदूर. हे 'राहणार अणदूर' ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला आपण कुठेच राहत नाही असं वाटावं. अणदूरचा खंडोबा वर्षातला थोडा काळ नळदुर्गाला मुक्कामी असतो हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. दाजींच्या मते मात्र देव तिकडे केवळ हवापालटाला जातो. नळदुर्गची मंडळी नेमकं उलटं म्हणतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणू द्या. पाव्हणा चांगला असला की मानूस त्याला घरचाच म्हणतो."

कुणाचं काही घ्यायचं नाही, आणि कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, असे दाजींचे दोन नियम आहेत. या दोन नियमांमुळे त्यांच्याशी संबंध ठेवणं फार जड जातं. बँकेत सही करायला जाताना ते वांगी नेतात. दाढ काढायला गेले तेव्हा हुरडा घेऊन गेले, आणि दाढ निघाल्यावर तोंडात कापूस धरून, डॉक्टर हुरडा खातोय की नाही हे बघत बसले. आमच्या सोलापूरच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा लोक भिंतीवरची घड्याळं घेऊन आले, आणि दाजी ज्वारीचं पोतं घेऊन आले. ते त्यांनी पाठीवरून जिन्यानं वर आणलं, कारण लिफ्ट सोसायटीची होती, म्हणजे दुसऱ्याची. एकदा मी मोटरसायकलवरून अणदूरला गेलो असताना ते स्टँडकडे निघालेले भेटले. बसा म्हटलं तर बसेनात, पण बोलायचं तर खूप होतं. शेवटी ते चालत आणि मी पहिल्या गियरमध्ये त्यांच्या शेजारून, असे आम्ही स्टँडपर्यंत गेलो. रस्त्यावरच्या लोकांत हसं झालं ते माझं. दाजींना ती मोटरसायकलची फजिती वाटली.

एखादी वस्तू विकत घ्यायची झाली की ती पूर्ण वापरून बघितल्याशिवाय ते घेत नाहीत. छत्री घेताना दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावतात. चप्पल पायात घालून अख्खा बाजार फिरून येतात, आणि दुकानदार बिचारा त्यांच्या जुन्या चपलेकडे बघत बसतो. नळदुर्गाला खाट घ्यायला गेले तेव्हा दुकानातच तिच्यावर आडवे झाले. दुकानदार घरी जाऊन जेवून आला तरी हे उठलेले नव्हते. उठले ते म्हणाले, "झोप लागली, पर सपान वंगाळ पडलं," आणि दुसरी खाट घेतली.

असा माणूस गाडी घ्यायला निघाला तो अक्काच्या गुडघ्यांमुळे. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. बुटकी, गोरीपान, आणि कशालाही हसणारी. गुडघे दुखायला लागले तेव्हा ती त्यांनाही हसली. उमरग्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ते ती 'दिवाळी होऊ द्या' म्हणून पुढे ढकलत राहिली. पण हळूहळू तिला एसटीची पायरी चढवेना. तिचं माहेर परंड्याजवळ. अणदूरहून तिकडे जायचं म्हणजे तुळजापूरला गाडी बदला, बार्शीला गाडी बदला. दर गाडीला त्या उंच पायऱ्या आणि मागून ढकलणारी माणसं. वर्ष उलटून गेलं तरी तिचं जाणं झालं नाही. तिकडे आमच्या सासूबाई नव्वदीला टेकलेल्या. फोनवर त्यांचा एकच प्रश्न असे, थोरली कधी येणार? अक्का म्हणे, बघू. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे हे 'बघू' तिला दोन-तीनदा ओरडून सांगावं लागे. आणि ते ओरडून झालं की अक्का थोडा वेळ हसत नसे.

माझ्याकडे लहानशी का होईना, पण गाडी आहे. मी पुष्कळदा म्हटलं, दाजी, मी येतो, अक्काला घेऊन जातो. त्यावर त्यांनी मला उसनं मीठ मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "बायकूला म्हायेराला पाव्हण्याच्या गाडीतनं धाडू? मग तिनं नवरा कामून केला?" भाड्याची गाडी सुचवली तर म्हणाले की भाड्याची गाडी दवाखान्याला ठीक आहे. बायको माझ्यावर चिडे, कारण दाजींवर चिडायची सोय नव्हती. "यांचा ताठा राहील आणि आईची अन् अक्काची भेट राहून जाईल," असं ती रात्रंदिवस म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं.

आणि मग दाजींचा फोन आला, की आपण गाडी घेतोय, तुम्ही बघायला या. ट्रॅक्टर ते कित्येक वर्षं चालवत आलेत, आणि कारचा परवानाही कधीतरी काढून ठेवलेला होता. नवी का नको, तर त्यांचं म्हणणं, नव्या बैलासारखी नवी गाडी कुठं अडंल ते ठावं नसतं. जुनीचे गुण जगाला कळलेले असतात. घरातला एकमेव गाडीवाला म्हणून मला जाणकाराचा मान मिळाला. गाडीबद्दलचं माझं ज्ञान किल्ली कुठे फिरवायची इथपर्यंतच आहे, पण असा मान रोज मिळत नाही. उमरग्याला हायवेच्या कडेला वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाकडे भेटायचं ठरलं. अक्काला दाखवायला डॉक्टरांकडे आणलंच होतं, तीही रिक्षातून तिथे आली. आणि रिक्षातून अक्कामागोमाग ज्वारीचं भरलेलं पोतं उतरलं.

मला वाटलं, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून गाडी विकणाऱ्यासाठी आणलंय. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो गॉगल काढून नमस्कार करायला पुढे आला. पण पोतं परीक्षेसाठी होतं. दाजींचं गणित सरळ होतं. गाडीत दोन गोष्टी बसल्या पाहिजेत, अक्का आणि पोतं. सासुरवाडीला जायचं तर दोन्हीही लागणार. विकणारा बोलका होता. त्याच्याकडची प्रत्येक गाडी पूर्वी एका डॉक्टरनंच वापरलेली होती. आमच्या भागात इतके डॉक्टर असते तर अक्काचे गुडघे केव्हाच बरे झाले असते. बघता बघता दोन गाड्या उरल्या. एक लांब, पांढरी, मागे ऐसपैस डिकी असलेली सेडान. दुसरी जरा उंच, मागून आखूड. तिला एसयूव्ही म्हणावं की साधी कार, असं मी विचारलं, तर विकणारा म्हणाला, साहेब, हिला क्रॉसओव्हर म्हणतात, दोन्हीचं मिळून केलेली असते. दाजींनी मान डोलावली. "म्हंजी संकरित. गाईत असती तशी." त्या घटकेपासून ती संकरितच झाली.

पण दाजींचा जीव जडला होता सेडानवर. डिकी उघडल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. पोतं आत आडवं झालं आणि वर आणखी एकाला जागा उरली. शिवाय झाकण लावलं की पोत्याचा आणि माणसांचा संबंध संपला. "बगा पाव्हणं," ते म्हणाले, "मानसं म्होरल्या खोलीत, माल मागल्या खोलीत. संकरितीत समदं एकाच खोलीत. पोतं डोस्क्यामागं घिऊन बसायचं म्हंजी टेम्पोच की." ते चाकामागे जाऊन बसले, आरशात टोपी नीट केली, आणि एक हात खिडकीबाहेर टाकला. खरं सांगतो, माणूस शोभत होता. पूर्वी साहेब लोक तालुक्याला अशाच लांब पांढऱ्या गाडीतून येत, आणि लहानपणी दाजी त्या गाडीमागे धावलेले. सासुरवाडीच्या गल्लीत ही गाडी वळलेली त्यांना आत्ताच दिसत होती.

मग अक्काची पाळी आली. ती सेडानमध्ये अलगद खाली बसली, किंवा पडली म्हणा, आणि हसून म्हणाली, लई मऊ हाय. दाजी खूश झाले. म्हणाले, आता उतर. अक्कानं दाराला हात घातला. अर्धी उठली, बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मी हात द्यायला पुढे झालो, तर तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला ओठ आवळून ती बाहेर आली, साडी सारखी केली, आणि दाजींकडे बघून म्हणाली, "हीच घ्या. मला जमतंय." तिला ठाऊक होतं, दाजींना ही गाडी किती आवडलीय ते. तोंड हसरं होतं, पण दाराच्या कडेवरचा हात तिनं अजून सोडलेला नव्हता, आणि बोटं पांढरी पडली होती.

दाजी मागे गेले, डिकी उघडली, आणि पोतं बाहेर काढलं.

आयुष्यात मी पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत, पण ते पोतं निघताना मला त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा क्वचितच कुणाचा वाटला. त्यांनी पोतं जमिनीवर ठेवलं आणि उंच गाडीचं मागचं दार उघडलं. तिची बैठक बरोबर अक्काच्या कमरेशी होती. अक्कानं आधी पाठ टेकवली, मग एकेक पाय आत घेतला. उतरताना पाय खाली सोडले की जमीन लागत होती. ती बसली, उतरली, परत बसली, परत उतरली. विकणाऱ्यानं मला हळूच विचारलं की ताईंना काही शंका आहे का. शंका कसली, तिला गंमत वाटत होती. आता पोत्याचं काय, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "त्याचं म्या बघतो."

दाजींनी संकरित का घेतली, हे अणदुरात कुणी विचारलं तर खरं उत्तर मिळणार नाही. रानाच्या वाटेला दगड लई, खालची गाडी घासती, असं ते पारावर सांगतात. अक्का सांगते, मलाच हिचा रंग आवडला, ते कुठं न्हाय म्हणतात. दोघं एकमेकांना इतकं सांभाळून घेतात की तिसऱ्याला कळू नये. आणि मला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून मीही दगडांबद्दलच बोलतो.

तुळजापूरच्या देवीला गाडी दाखवून ते दोघं परंड्याकडे निघाले. मी आणि बायको सोलापूरहून आधीच जाऊन दारात उभे होतो. गाडी गल्लीत वळली ती बैलगाडीच्या चालीनं, दाजींचा एक हात खिडकीबाहेर. त्यांच्या शेजारच्या सीटवर ज्वारीचं पोतं ताठ बसलेलं, आणि त्याला पट्टा बांधलेला. "पोतं ठिवल्यापासनं गाडी वरडाया लागली," दाजींनी खुलासा केला, "तुळजापूरपस्तोर म्या सोसलं. मग म्हनलं, त्याला बी बांधावा." मागे अक्का पाय लांब करून बसलेली, नवी साडी, डोळ्यांत पाणी.

ती उतरणार, तोच काठी टेकत सासूबाई बाहेर आल्या आणि उतरू नको म्हणून त्यांनी हात केला. गाडीजवळ येऊन त्यांनी बैठक हातानं चाचपली. ती त्यांच्याही कमरेशीच होती. त्यांनी पाठ टेकवली, एकेक पाय आत घेतला, आणि लेकीच्या शेजारी बसल्या. दुसऱ्या बाजूनं माझी बायको घुसली. घरात चहा उकळत होता, आणि तिघी मायलेकी भर दुपारी गल्लीत, उघड्या दाराच्या गाडीत बसून बोलत होत्या. वारा होता. दार लोटून सासूबाईंच्या गुडघ्याला लागू नये म्हणून दाजी ते धरून उन्हात उभे होते. सावलीत या म्हटलं तर आले नाहीत. पोतं अजून पुढच्या सीटवरच होतं, आणि ते उतरवायची आठवण कुणी केली नाही.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी अक्काला तो प्रश्न विचारला. आता परत कधी येशील? अक्कानं सवयीनं 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, आणि ती थांबली. तिनं दाजींकडे पाहिलं. दाजी सासूबाईंना मामी म्हणतात, पण जुन्या रीतीनं त्यांच्याशी समोरासमोर फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी ते वाकले, दारातून आत डोकं घातलं, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मामी, तुमी म्हणाल तवा."

सासूबाईंनी जरा विचार केला. "मग उद्या या," त्या म्हणाल्या.

माझी बायको हसली, अक्काही हसली. दाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता येऊ?" पण ते त्यांनी हळू विचारलं, आणि सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्या अक्काचा हात हातात घेऊन समोरच्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या, गाडी अजून चालूच असल्यासारख्या.