कानाखाली

मी बायकोच्या कानाखाली मारली आणि कोर्टात लिहून दिलं की मारली नाही. यातली दुसरी चूक मी शांत डोक्यानं, चहा पिऊन, वकिलांच्या टेबलावर वाकून केली.

पहिलीची हकीगत लहान आहे. पुतण्याच्या साखरपुड्यात ती पाहुण्यांना म्हणाली, "ह्यांना काय विचारता? ह्यांचं सगळं उद्यावर." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन दार लावलं आणि मारली. आमच्याकडं मारणं म्हणजे काठी, पट्टा, रक्त. कानाखाली दिलेलं त्यात धरत नाहीत. मीही आधीच्या कधी धरल्या नव्हत्या.

ती ढोकीला भावाकडं निघून गेली. तिनं संरक्षण आदेशासाठी अर्ज केला आणि त्याची नोटीस घेऊन पोलीस येडशीला माझ्या दुकानात आला. विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी मी नवी तार गुंडाळून भरून देतो. पुढं दुकान, मागं घर. गिऱ्हाइकांसमोर सही करून नोटीस घेतली. अर्जात होतं की माझ्या मारानं तिच्या डाव्या कानाला ऐकू येईनासं झालंय.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या बापानं मला काय कमी दिल्या? म्या गेले का कोर्टात?" तेव्हा मला त्याचा आधार वाटला. आईनंही किती सोसलं असेल, हे त्या दिवशी मनात आलंसुद्धा नाही.

अर्जाला जे उत्तर द्यायचं त्याला कोर्टात 'म्हणणं' म्हणतात. माझं म्हणणं धाराशिवच्या एका वकिलांनी लिहिलं.

"मारलं का?" त्यांनी विचारलं.

"मारलं असं न्हाय. कानाखाली एक दिली."

"मग न्हाय म्हणायचं. सगळं नाकबूल. पर तिनं डॉक्टरचा कागद लावलाय, त्याचं काय करायचं?"

त्यांनीच पेन उचललं.

"लहानपणापासून कमी ऐकू येतंय, माहेरच्यांनी लग्नात लपवलं, असं टाकू. चालंल ना?"

"चालंल," मी म्हणालो आणि सही केली.

ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. भरलेली मोटार मी चालू करून बघायचो, तेव्हा ती आत भाकरी थापता थापता सांगायची, "बेरिंग वाजतंय तिचं." मी ऐकायचो नाही. उघडून बघावं तर बेरिंग गेलेलं असायचं. ते बदलून मी गप बसायचो. तू बरोबर होतीस, एवढंही तिला कधी म्हणालो नाही.

तारखेला न्यायाधीश बाईंनी माझं म्हणणं वाचलं आणि तिला विचारलं, लहानपणापासून ऐकू कमी येतं, हे खरं का? ती हातातल्या पिशवीकडंच बघत होती. भावानं कोपरानं ढोसलं, तेव्हा मान वळवून तिनं उजवा कान पुढं केला. "काय म्हणाल्या, मॅडम?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. माझे वकील माझ्या कानाशी लागले, "बघा. जमलं आपलं."

मी उठलो. वकील खाली बसा म्हणून शर्ट ओढत होते. मी म्हणालो, "मॅडम, माझं म्हणणं खोटं आहे. तिचा कान चांगला होता. मी मारल्यामुळं गेला."

"कुणाच्या दबावाखाली बोलताय का? याचा परिणाम कळतोय ना?"

"कळतोय."

आदेश झाला. तिला त्रास द्यायचा नाही, भेटायचं नाही, फोन करायचा नाही. म्हणजे बोलायचं ते तिथंच, नाहीतर कधीच नाही. एकदा बोलू का, म्हणून मी बाईंना विचारलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवून हो म्हटलं.

घरी चल, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि होतो तिथूनच, तिला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "म्या मारलं तुला. लई वेळा मारलं. आन् इथं खोटं लिहून दिलं. चुकलं माझं."