करकर वाजणारी चप्पल

काल मंगळवार पेठेतल्या चपलांच्या दुकानात तेल पाजलेल्या कातड्याचा वास आला आणि साहेब पुन्हा आमच्या अंगणात उभे असल्यासारखे डोळ्यांपुढे आले.

माझे वडील, अप्पा, नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात स्वयंपाकी होते. तिथं परदेशातून शिकायला आलेले हे साहेब, तेव्हा एक तरुण अधिकारी, एका सुट्टीत आमच्याकडे जेवायला आले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून दुभाषीही मीच. माझ्या मोडक्या इंग्रजीला ते एकदाही हसले नाहीत, याचे उपकार मी अजून मानते.

अप्पांनी त्यांना करकर वाजणारी चप्पल दिली. दोन पावलं टाकून ते थबकले. "आमच्याकडे अधिकाऱ्यानं आवाज न करता चालावं, तेच बरं असतं," ते म्हणाले.

मी ते मराठीत सांगताच अप्पा मोठ्यानं हसले. "वाजू दे की सायेब! माणूस आल्यालं घरात कळाय नगं व्हय?"

मग साहेब संध्याकाळपर्यंत अंगणात करकर करत फिरले. मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती.

पुढे ते ॲडमिरल झाले. दर दिवाळीला अप्पांना फोन करायचे. गेल्या वर्षी त्यांच्या देशाच्या हुकूमशहानं नौदलातले बडे अधिकारी एकाएकी काढले, काहींना घरातून उचलून नेलं. त्यानंतर फोन आला नाही.

"सायेबाच्या मापाची एक आणून ठेव," परवा अप्पा म्हणाले.

"कधी येणार पावणं?" दुकानदारानं विचारलं.

मी चप्पल हातात घेऊन वाकवली आणि ती वाजते का, ते ऐकलं.