चौथ्या पायाखालचा पत्रा

हे शबानाला माहीत नाही. जिना चढताना माझी पावलं ऐकून ड्यूटी कशी गेली ते सांगणारी माझी बायको, पण हे तिला माहीत नाही. सायमाला, आमच्या मुलीला, तर नाहीच नाही. तिला कळू नये म्हणूनच तर मी ते केलं. गावी परत आल्यापासून कितीदा ओठांवर आलं आणि कितीदा गिळलं. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच.

आणि आधीच सांगून ठेवतो, रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. मी रडणार नाही. यातलं अर्धं उद्या पुन्हा करावं लागलं तरी मी करीन. उरलेल्या अर्ध्याचं काय, ते येईलच पुढे.

सौदीत यान्बूला एका कारखान्यात मी पंपांचा मेकॅनिक होतो. समुद्राकाठी, पाइपांच्या जंगलात, बावीस वर्षं. माझं मुख्य काम म्हणजे मोटर आणि पंप एका रेषेत बसवणं. मोटर फिरते, पंपाला फिरवते; दोघांचे दांडे अगदी सरळ रेषेत हवेत. केसाएवढा फरक राहिला तरी पंप थरथरतो आणि चार दिवसांत बेअरिंग जळतं. डायल लावून मोजायचं ते कोणीही शिकतं. पण मोजण्याच्या आधी एक काम असतं. मोटरला चार पाय असतात, ते चारही खाली नीट टेकलेत का ते बघायचं. एखादा पाय अधांतरी असला तर त्याच्याखाली पातळ पत्रा सरकवायचा. नाही सरकवला, तर डायलवर सगळं छान दिसतं आणि मोटर मात्र आतून पिळलेली राहते. एवढीशी गोष्ट! पण माझी अर्धी इज्जत त्या पत्र्यावर उभी होती.

सायमाला हे मी आमच्या वॉशिंग मशीनवर शिकवलं होतं. तेव्हा ती सातवी-आठवीत असेल. मशीन कपडे पिळायला लागलं की बाथरूमभर नाचायचं, शबाना ओरडायची. मी सायमाला खाली बसवलं, एकेक पाय हलवून दाखवला, चौथ्याखाली पत्र्याचा तुकडा घातला. मशीन गप्प. पोरगी टाळ्या पिटायला लागली. "आधी पाय बघायचे, मग बाकीचं," मी म्हटलं. तिने ते पाठच केलं. शाळेत हिंदी-इंग्रजी बोलणारी, मला उत्तरही इंग्रजीतच देणारी पोर, पण हे वाक्य मात्र माझ्याच मराठीत म्हणायची.

मग निताकत आलं. कंपनीत सौदी किती, परदेशी किती, यावरून सरकार कंपनी लाल की हिरवी ते ठरवायला लागलं; लाल झाली की परदेशी माणसांचे परवाने बंद. आमच्या खात्यात प्रत्येक परदेशी माणसामागे एक सौदी मुलगा उभा केला. त्याला तयार करा, म्हणाले. आणि तयार झाला की? तोंडाने कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. आपल्या खुर्चीत बसणाऱ्याला आपणच बोट धरून आणायचं आणि आपण इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, परत करून विमानात बसायचं. देश त्यांचा, नोकऱ्या त्यांच्या, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण सायमा नववीत होती हो! इंजिनीअर व्हायचं तिच्या डोक्यात बसलेलं. त्या वर्षी उचलून गावी आणलं असतं तर काय झालं असतं, ते मी माझ्या भावाच्या मुलींकडे बघून ओळखून होतो. चार वर्षं हवी होती मला. फक्त चार.

माझ्या वाट्याला फहद आला. यान्बूच्या वरच्या अंगाला उमलुज म्हणून गाव आहे, तिथल्या मासेमाऱ्याचा मुलगा. सौदी पोरं काम करत नाहीत, असं आमच्यातले लोक चहाच्या टपरीवर हसत हसत बोलायचे. हा करायचा. तीच तर पंचाईत! ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचा, प्रश्न विचारायचा, वहीत चित्रं काढायचा. घरून येताना मासे आणायचा, आणि मी कोकणातला म्हणून माझ्यासाठी निवडून चांगले आणायचा. मला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणायचा. तिकडे हुनर असलेल्या माणसाला अशीच हाक मारतात, गवंड्यालासुद्धा. पण तो म्हणायचा तेव्हा त्यात काहीतरी जास्त असायचं.

सांगतो आता. मी त्याला सगळं शिकवलं. डायल लावणं, वाचणं, मोटर सरकवणं, सगळं. पाय तेवढे शिकवले नाहीत.

कसं जमवलं? सोपं होतं. त्याला सातला बोलवायचो आणि मी सहाला जायचो. एकटाच खाली बसून चारही पाय तपासायचो, पत्रे घालायचो, बोल्ट आवळायचो, हात पुसून उभा राहायचो. फहद यायचा, डायल लावायचा, आणि त्याचं काम दर वेळी चोख उतरायचं. सहा महिने! आणि खात्यात सगळ्यांना सांगत सुटायचा, माझे मुअल्लिम माझ्यासाठी तासभर आधी येऊन सगळी तयारी करून ठेवतात.

मग त्याची परीक्षा झाली. एकट्याने एक मोटर बसवायची. मला तिथे फिरकायची परवानगी नव्हती. डायलवर सगळं बरोबर आलं, पंप चालू झाला, साहेबांनी पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जळलं. "एकट्याने काम करण्यास अजून लायक नाही", अशा कागदावर फहदच्या शिक्षकाची सही लागते. ती माझी आहे. निळ्या पेनाने केलेली, ठसठशीत. माझा इकामा पुढे वाढला.

आता तुम्ही म्हणाल, किती नीच माणूस! म्हणा. तुमची मुलगी नववीत असताना तुमच्या हातात तुमच्याच जागी येणाऱ्याचा हात दिला होता का कोणी? नव्हता ना? मग जरा थांबा. हे केल्याबद्दल मला झोप आली नाही असं एकदाही झालं नाही. खोटं कशाला बोलू? चांगली झोप यायची. खरी गोष्ट पुढेच आहे.

फहदने कोणाला दोष दिला नाही. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मुअल्लिम, तुमची चूक नाही. माझ्या हातातच नाही ते." कंपनीने त्याला काढलं नाही. त्यांचं माणूस, काढतील कशाला? दुसऱ्या खात्यात टाकलं, इंग्रजी शिकवलं आणि मग इंग्लंडला शिकायला पाठवलं. आणि विद्यापीठ कुठलं निवडलं पठ्ठ्याने? जिथे पुस्तकापेक्षा हात जास्त चालवायला लावतात असं. मुद्दाम शोधून काढलेलं. आपला हात कच्चा आहे ना, म्हणून!

तिथून त्याचा मेसेज आला. सायमा तेव्हा बारावीत. ऑक्टोबरात इथे विद्यापीठ बघायला येणाऱ्यांचा दिवस असतो, तिला घेऊन या, मी सगळं दाखवतो. तुमच्यासारखं शिकवतात इथे, असंही लिहिलं होतं. सायमा तर नाचायलाच लागली. शबानाचा भाऊ तिकडेच राहतो, राहायची सोय होती. मी काय म्हणणार होतो? नको म्हणायला कारण काय देणार? गेलो. शबाना भावाच्या घरी थांबली. त्या दिवशी आम्ही बापलेकच निघालो.

थंड, राखाडी गाव. दारातच आम्हाला नावाच्या चिकटपट्ट्या लावल्या, कापडी पिशव्या दिल्या. आमच्यासारखे कितीतरी आईबाप चहाचे कागदी कप धरून हिंडत होते आणि त्यांची पोरं त्यांच्यापासून दहा पावलं पुढे चालत होती. फहद येऊन दीड महिनाच झाला होता, पण जावयाला गाव दाखवावं तसा आम्हाला फिरवत होता. आधी नमाजाची खोली दाखवली, मग जेवायला हलाल कुठे मिळेल ते, मग लायब्ररी. इथे तिसऱ्या वर्षी खऱ्या कारखान्यात कामाला पाठवतात, तो सायमाला सांगत होता. इथे पेपर लिहून पास होत नाहीत, मशीन चालवून दाखवावं लागतं. सायमाचे डोळे! मी त्या डोळ्यांकडेच बघत होतो.

मग वर्कशॉप. आत पाऊल टाकलं आणि तोच वास. तेल, ग्रीस, तापलेलं लोखंड. यान्बूच मला इथे भेटायला आलं की काय, असं वाटलं. तिथल्या शिक्षिका हेलन म्हणून होत्या. आखूड पांढरे केस, हातावर भाजल्याचे डाग; तरुणपणी जहाजाच्या कारखान्यात काम केलेल्या. बाईंचे हात बघूनच मी ओळखलं, इथे थापा चालणार नाहीत. त्यांनी एक टेबल दाखवलं. वर छोटी मोटर आणि पंप. हे एका रेषेत बसवायचं.

फहद पुढे झाला. मला हे येतं, म्हणाला. मी कारखान्यात शिकलोय, आणि ज्यांनी शिकवलं ते माझे मुअल्लिम आज इथे आलेत. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एका गोऱ्या बापाने मान लववली. मी हसलो.

त्याने डायल लावला. फार सुरेख काम करत होता हो, हात अगदी स्थिर. काटा शून्यावर आला. तेव्हा हेलन बाई पुढे झाल्या आणि मोटरच्या एका पायाचा बोल्ट सैल केला. काटा टुणकन सरकला. मोटर पिळलेली होती. त्यांनी तो पाय मुद्दामच अधांतरी ठेवला होता, शिकाऊ पोरांची परीक्षा घ्यायला. चूक कुठे झाली, कोण सांगेल, त्यांनी विचारलं.

माझ्या शेजारी हात वर झाला. सायमाचा.

आधी पाय बघायला हवे होते, ती इंग्रजीत म्हणाली. चारही टेकलेत का ते बघून मग बाकीचं. अब्बा नेहमी सांगतात, मी लहान असताना त्यांनी आमच्या वॉशिंग मशीनवर शिकवलंय!

सगळे हसले. फहद हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तो आठवत होता. यान्बूच्या त्या सगळ्या सकाळी एकेक करून आठवत होता, मी तासभर आधी का यायचो ते त्याला समजत होतं, आणि मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

हेलन बाईंनी मला साधाच प्रश्न केला. हे याला शिकवलं नव्हतंत का?

सायमा माझ्याकडे बघत होती. अभिमानाने. आता सांगा, तेव्हा कुठे माझा इकामा अडकला होता? कोण माझी नोकरी घेत होतं? सायमाची चार वर्षं निघाल्यातच जमा होती, मला हवं ते मिळून चुकलं होतं. "नाही" एवढंच म्हणायचं होतं.

"शिकवलं होतं," मी म्हटलं. "हा विसरला."

आणि फहद, त्याने एकदा सायमाकडे पाहिलं, मग खाली मान घातली. "हो," म्हणाला. "मुअल्लिमनी सांगितलं होतं. मी विसरलो."

बाईंनी त्याला मायेनेच समजावलं आणि पुढचे काही आठवडे अगदी नवख्या पोरांच्या टेबलावर बसायला सांगितलं. तो बरं म्हणाला. नंतर आम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला, सायमाची पिशवीही त्यानेच धरली होती. बसमध्ये सायमा म्हणाली, "Poor Fahd! अब्बा, इतकी साधी गोष्ट कशी विसरला तो?" मी म्हटलं, होतं कधी कधी.

सायमा तिथेच शिकली. आज ती इंजिनीअर आहे, आणि माझ्या घरात त्या विद्यापीठाच्या पदवीच्या झग्यातला तिचा फोटो आहे. फहद शिकून परत यान्बूला आला तो माझा साहेब होऊन. पुढे वर्षभरात माझ्या फायनल एक्झिटचा, कायमचं परत जायचा, कागद निघाला. त्याने काढला नाही, वरून आला. मला त्याच्यावर संशय घ्यायला फार आवडलं असतं, पण नाही.

शेवटच्या दिवशी कामं सोपवायची म्हणून मी नेहमीसारखा सहाला गेलो. फहद आधीच तिथे होता. एका मोटरपाशी खाली बसला होता, साहेबी शर्टाच्या बाह्या वर करून. मला बघून त्याने एकेक पाय तपासायला घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा सैल निघाला. त्याच्याखाली पातळ पत्रा सरकवला, बोल्ट आवळला आणि मान वर केली.

"बरोबर आहे ना, मुअल्लिम?"

तिथे आम्ही दोघंच होतो. सायमा नव्हती, शबाना नव्हती, हेलन बाई नव्हत्या. मला दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं होतं, माझं कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. एवढी चांगली संधी माणसाला कुठे मिळते?

"बरोबर," मी म्हटलं, आणि चाव्या त्याच्या हातात दिल्या.

तो विसरला नव्हता. मी त्याला शिकवलंच नव्हतं.