हेल्मेटवरचा रक्तगट

कारखान्यात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला एबी म्हणत, कारण त्याच्या पिवळ्या हेल्मेटवर पुढच्या बाजूला लाल रंगात तेवढंच लिहिलेलं होतं. तिथला नियमच तसा होता. ज्याचा जो रक्तगट, तो त्याच्या हेल्मेटवर. ए, बी आणि ओ पुष्कळ होते. एबी तो एकटाच. म्हणून नाव चिकटलं आणि त्यालाही ते आवडलं.

तो क्रेन चालवायचा. छताजवळच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे अजस्र तुकडे इकडचे तिकडे करायचा, पण खाली कुणाच्या केसाला धक्का लागत नसे. एवढा धीट माणूस एकाच गोष्टीला घाबरायचा, ती म्हणजे सुई. नोकरीला लागून क्रेन शिकत होता तेव्हा रक्त तपासायला नर्स आली, तर हा वर जाऊन बसला आणि ‘भार लटकतोय, उतरता येणार नाही’ असं सांगून मोकळा झाला. पुढे म्हातारा क्रेनवाला निवृत्त झाला आणि त्याचं हेल्मेट अक्षरांसकट याच्या डोक्यावर आलं. ओळखपत्रं करणाऱ्या कारकुनानं हेल्मेटकडे पाहून विचारलं, ‘एबी ना?’ यानं मान हलवली. तेव्हा ती सुई टाळण्यासाठी हलवली होती. वर्षं गेली तसं त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

बायको घरी शिवणकाम करायची. दिवसभर सुईशीच तिचा संसार, त्यामुळे नवऱ्याची भीती तिच्या कधी ध्यानातच आली नाही. मोठी बहीण मागच्या गल्लीत राहायची आणि संध्याकाळचा चहा भावाकडे प्यायची. अशाच एका चहाच्या वेळी लेक कॉलेजमधून रक्त तपासून आली.

“ओ आलाय माझा,” ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, “पण तसा येऊ शकत नाही.”

“का गं?” आत्यानं विचारलं.

“प्रत्येकाकडे दोन पत्ते असतात असं समज. त्यातला एक आईनं दिलेला, एक वडलांनी. ए आणि बी हे पत्ते दिसतात. ओ त्यांच्याखाली झाकला जातो. दोन्ही ओ मिळाले तरच माणूस ओ होतो. बाबा एबी, म्हणजे त्यांच्याकडे एक ए नि एक बी. ओ नाहीच, तर मला देणार कुठून?”

शिवणयंत्राचा आवाज थांबला. आत्यानं कपात चमचा दोनदा फिरवला.

“नाकही तसं आपल्याकडचं नाहीच म्हणा,” ती म्हणाली. “मी आपलं गमतीनं म्हणते हो.”

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्ही बोला ना काहीतरी.”

त्याला त्या क्षणी सगळं आठवलं: केबिन, नर्स, म्हाताऱ्याचं हेल्मेट. एक वाक्य बोललं असतं तर काम होतं. पण बहिणीसमोर आणि लेकीसमोर ते वाक्य जिभेवर येईना. “कॉलेजात काहीतरी घोळ झाला असेल,” तो म्हणाला आणि बूट घालून बाहेर पडला.

बायकोनं दुसऱ्या दिवशी शिवण बाजूला ठेवली. लेकीला घेऊन ती दवाखान्यात गेली आणि दोघींनी रक्त दिलं. लेक पुन्हा ओच निघाली. आई बी. संध्याकाळी त्यानं घरात पाऊल टाकलं तेव्हा ती दारातच उभी होती.

“आम्ही दोघींनी हात पुढे केला. आता तुमचा.”

“माझा हेल्मेटवर लिहिलेलाच आहे की.”

“हेल्मेटला रक्त नसतं,” ती म्हणाली. “काल ताईंनी नाक काढलं. उद्या गल्ली काढेल. पोर माझ्याकडे बघायची टाळतेय सकाळपासून.”

लेक आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं. ती वाचत असावी, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. तो तसाच मागे वळला आणि मागच्या गल्लीत जाऊन बहिणीला म्हणाला, “ताई, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय, सगळ्यांनाच.”

लॅबच्या बाकावर चौघं ओळीनं बसली. आपली पाळी येण्याआधी त्यानं सांगून टाकलं. आधी नर्सचं, मग हेल्मेटचं. सांगताना तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

“म्हणजे तू कधी तपासलंच नाहीस?” बहीण म्हणाली.

“नाही. आणि ते कालच बोलायला हवं होतं. तू नाक काढलंस तेव्हाच.”

लॅबमधल्या बाईनं त्याच्या बोटाला सुई टोचली. त्यानं डोळे मिटले आणि बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. बाईनं काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवले आणि प्रत्येकात वेगळ्या बाटलीतला थेंब मिसळला. एकात रक्ताची गुठळी झाली. दुसरा तसाच राहिला.

“ए,” बाई म्हणाली.

लेक पुढे वाकून बघत होती. “म्हणजे बाबांच्या ए-खाली ओ आहे. आईच्या बी-खालीही. दोघांनी मला झाकलेलाच पत्ता दिला.” मग ती आईशेजारी येऊन बसली, अगदी खेटून.

“पुढचं कोण?” बाईनं विचारलं. तिची नजर आत्याकडे गेली. आत्यानं बाही मनगटापर्यंत ओढली आणि उठून उभी राहिली.

“मला कशाला? घरी दूध उघडं आहे माझं.”

ती गेली त्या दाराकडे बायको पाहत राहिली. “ही भीती कुणाच्या घरची ते आज कळलं. पोरीला नाही आली, नशीब माझं.” मग ती त्याच्याकडे वळली. “दुखलं?”

“नाही.”

“मला दुखलं.”

घरी आल्यावर तिनं शिवणाच्या डब्यातून पातं काढून त्याच्यासमोर ठेवलं. हेल्मेट मांडीवर घेऊन तो त्यावरच्या एबीतला बी खरवडायला बसला. रंग जुना होता, लवकर सुटेना. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं, पण अधूनमधून मान वर करून, कितपत निघालं ते बघत राहिली.