दंडावरची चार बोटं

कोर्टाच्या फाटकासमोर हातगाडीवर लिंबू सरबत विकणाऱ्या त्या बाईला सगळे तोफ म्हणत, आणि तिच्या तोंडावर म्हणत. कुणी पेला आपटला की ती धडाडे. रांग मोडणाऱ्या वकिलाच्या काळ्या कोटाचीही ती पत्रास ठेवत नसे. तोंडाने फटकळ, हे कबूल. पण नवऱ्यामागे मुलगा एकटीने वाढवला, तोही कधी चापट न मारता. लिंबं ती हातानेच पिळी, दिवसभर, डोक्यावर ऊन घेऊन. बोटांवर तपकिरी डाग पडले होते. तिला वाटे, वय झालं.

शाळेला सुट्टी असली की मुलाच्या घरून नात गाडीवर येई. त्या दिवशी तिचा चेंडू रस्त्यावर गेला आणि चेंडूमागे पोरगी. समोरून ट्रक. तोफेने हातातलं लिंबू टाकलं, धावत जाऊन पोरीचा दंड गच्च धरला आणि तिला मागे खेचलं. मग तसाच दंड धरून, भर उन्हात उभं राहून, तिने ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दोन दिवसांनी पोरीच्या दंडावर लाल चट्टे उठले. सून म्हणाली, "आजी काहीबाही चारते, उष्ण पडलं असेल." झालं! अंडी बंद, मासे बंद, शेंगदाणे बंद. पोरगी वरण-भातावर आली, चट्टे जागच्या जागी. त्यांना फोड आले, फोड सुकले, तपकिरी डाग राहिले. आणि एका सकाळी आंघोळ घालताना सुनेला त्या डागांत चक्क चार बोटं दिसली.

मुलगा गिऱ्हाइकांदेखत गाडीवर येऊन उभा राहिला. "आई, तू मारलंस तिला?"

"ट्रकखाली चालली होती. धरलं मी."

"नुसतं धरल्याने फोड येतात?"

तिने हातातलं लिंबू पेल्यावर करकचून पिळलं.

"आता काही दिवस ती इकडे येणार नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

पोरगी बिचारी पहिल्यापासून सांगत होती, आजीने मारलं नाही म्हणून. पण लहान पोराचं ऐकतो कोण! घाबरून खोटं बोलतेय, असं ठरवून शहाणी माणसं मोकळी झाली. इकडे तोफेच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. गाडीवर दोन माणसं हळू आवाजात बोलली तरी तिला वाटे, आपल्याबद्दलच बोलतायत. नातीशिवायची सुट्टी तर तिला खायला उठे.

तिकडे सुनेने डाग उतरावेत म्हणून दंडाला लिंबू चोळायचा सपाटा लावला. लिंबाने कातडी उजळते, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. चोळायची आणि पोरीला मैदानावर खेळायला सोडायची. दंडभर नवे फोड आले, तेव्हा कुठे त्वचेच्या डॉक्टरची आठवण झाली. सुनेच्या शेजारणीने ही बातमी तोफेला पुरवली. तिने गाडीवर फडकं टाकलं आणि चिकट हातांनीच दवाखाना गाठला.

"मलाही ऐकू दे काय ते!" दार ढकलून ती म्हणाली. आत मुलगा, सून आणि नात डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिला नातीच्या दंडावर, न टेकवता, हात धरायला सांगितलं. एकेक बोट डागावर बरोब्बर बसलं.

"बघा!" सून म्हणाली.

"काय बघा?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन लागलं की असंच भाजतं. यांच्या हाताला रस होता, तो हिच्या दंडाला लागला. यांच्या बोटांवरचे डागही त्याचेच. माराचा काही संबंध नाही, खाण्याचा तर नाहीच नाही. पोरीला सगळं खाऊ द्या. दंड उन्हापासून झाका. आणि हे नवे फोड कुठून आले?"

सुनेने पोरीचा दंड पदराखाली घेतला. लिंबू तिनेच चोळलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर मुलगा म्हणाला, "आई, चुकलं माझं. सुट्टीला पाठवतो तिला."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ना? त्यांनी मला आज पहिल्यांदा पाहिलं. तू माझ्या हाताखाली वाढलास. किती वेळा मारलं रे तुला?"

"कधीच नाही."

"मग हे तुला तेव्हा का नाही आठवलं?"

तो पोरीच्या दंडावर रुमाल गुंडाळू लागला.

"उद्या हिचा गुडघा फुटला, तर पहिल्यांदा माझ्याकडेच बघशील. बघशील ना?"

"नाही," मुलगा म्हणाला. पण जरा उशिरा म्हणाला.