एक जूनची लेक

फुटबॉल हा खेळ या पृथ्वीवर एकाच माणसाला पुरता कळला आहे, आणि तो माणूस नळदुर्गच्या बाहेर हायवेला ट्रकचे पंक्चर काढतो. तो माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोठ्यांचा फुटबॉल त्याला अजिबात खपत नाही. "ती नोकरी हाय गुरुजी, पगार हाय त्येनला," म्हणून तो हात झटकतो. खरा खेळ सतरा वर्षांखालच्या पोरापोरींचा, आणि खरी स्पर्धा म्हणजे त्यांचं जागतिक अजिंक्यपद. "हरल्यावर आईला हाक मारून रडत्यात ती. त्येला मॅच म्हनायचं." स्पर्धा लागली की दुकानाच्या भिंतीवर खडूनं सगळ्या देशांचं वेळापत्रक यायचं. मोबाइलवर सामना सुरू होण्याआधी तो दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांना उभा राहायचा, आणि समोरच्या ट्रकवाल्यालाही उभं करायचा. एकदा पॅराग्वेच्या मुलींचं राष्ट्रगीत चालू असताना ठिगळाला लावलेली ट्यूब जळून धूर निघाला, ड्रायव्हर बोंबलायला लागला, तरी हा ताठ. तोंडाच्या कोपऱ्यातून एवढंच म्हणाला, "लांब गीत हाय ओ त्येंचं, दम धरा."

हा खेळ त्याला शिकवला केरळच्या एका ड्रायव्हरनं. त्याच्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटला आणि नवा यायला आठ दिवस लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळं सगळे नियम हातवाऱ्यांनी समजावले गेले. त्या आठवड्यात ड्रायव्हरचे नेमके डोळे आले होते. बाहेरून चेंडू टाकताना तो एक डोळा मिटून टाकायचा, आणि माझ्या साडूनं तोही नियमच धरला. पुढं त्यानं गावातल्या मुलींचा संघ उभा केला, तेव्हा अकराच्या अकरा जणी एक डोळा मिटून चेंडू टाकत. जिल्ह्याच्या सामन्यात पंच बराच वेळ पुस्तक चाळत राहिले, पण डोळा मिटू नये असं त्यांना कुठं लिहिलेलं सापडलं नाही. चेंडूही यानंच ट्रकच्या ट्यूबची ठिगळं लावून जगवलेला. एका अंगानं जड झालेला तो चेंडू सरळ म्हणून जायचाच नाही. त्या चेंडूवर शिकलेल्या पोरींच्या पायात खरा चेंडू आला की तो सांगितल्या जागी जाऊन बसायचा.

त्यात सगळ्यांत सरस त्याची स्वतःची लेक. जिल्हा झाला, राज्य झालं, आणि एक दिवस देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघाच्या सराव शिबिराचं पत्र आलं. त्या दिवशी साडूनं हायवेवरची प्रत्येक गाडी थांबवून हवा फुकट भरली. हवेची गरज नसलेल्यांनाही भरली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्या भागात निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. शाळा जूनमध्ये भरते, तारीख कुणाला ठाऊक नसते, मग गुरुजी एक जून लावून टाकतात. माझीही तारीख तीच. पण साडूच्या लेकीची तारीख मला पक्की ठाऊक होती. ती किंक्रांतीला जन्मली. करीचा दिवस म्हणून तिच्या आजीनं जन्माची नोंदसुद्धा करू दिली नव्हती. तेव्हा साडूचं घर जळकोटजवळच्या वस्तीवर होतं आणि मी त्याच वस्तीच्या दोन शिक्षकी शाळेवर. त्या वर्षी पटाला एक मूल कमी पडत होतं. पट भरला नाही तर मी अतिरिक्त ठरणार, आणि बदली कुठं होईल ते देव जाणे. पोरगी सहाची व्हायला सात महिने होते. मोठे गुरुजी म्हणाले, "राहू द्या, लहान आहे पोर." मी ऐकलं नाही. रजिस्टरात तिच्या जन्माच्या आधीच्या वर्षातला एक जून मी माझ्या हातानं लिहिला.

शिबिरात वय तपासायला तिच्या मनगटाचा फोटो काढला आणि शाळेचा दाखला मागितला. हाडाप्रमाणं ती वयात बसत होती, कागदाप्रमाणं सात महिन्यांनी मोठी. कागद जिंकला. साडू दाखला घेऊन माझ्याकडं आला. "गुरुजी, ही एक जून कुनी लावली ओ?" मी तेव्हाच लेखी कबूल केलं असतं तर तारीख दुरुस्त करायला निदान धडपडता आलं असतं. पण चौकशी लागली असती, आणि माझ्या नोकरीची सात वर्षं राहिली होती. मी म्हणालो, "मोठ्या गुरुजींनी लावली असेल." मोठे गुरुजी वारून वर्ष झालं होतं.

संघ तिच्याशिवाय गेला. भिंतीवर त्यानंतर खडू उमटला नाही. तीन वर्षं झाली. साडूच्या हातून आता एकही ट्यूब जळत नाही.

गेल्या रविवारी मी दुकानावर गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. तो पाण्यात ट्यूब बुडवून भोक शोधत होता. भोक सापडलं, तरी तो ट्यूब दाबतच राहिला.

"मोठ्या गुरुजीला तीन वरीस शिव्या घातल्या म्या," तो अखेर म्हणाला. "मेलेल्या मानसाला. रोज."

"मला काय म्हणायचं ते म्हणा, पाव्हणं."

"मला कशाला सांगता? म्या खेळनार व्हतो व्हय? जिचं गेलं तिला सांगा."

ती सोलापूरला नर्सिंग शिकते, सुट्टीला आली होती. आवाज ऐकून दुकानाशेजारच्या घरातून बाहेर आली. "काका, कवा आलाव? चहा ठिवू का?" साडू ट्यूब उचलून मागच्या बाजूला निघून गेला. तीन वर्षं मी या पोरीच्या हातचा चहा पीत आलो होतो.

"चहा नको," मी म्हणालो. "बस जरा. तुझ्या जन्मतारखेचं बोलायचंय."

ओढणीला हात पुसत ती समोरच्या टायरवर बसली.

"कुठल्या काका?" ती हसून म्हणाली. "माझ्या दोन हायत."