श्यामरावांच्या खिशातले नग

अकोल्याला मी गेले ती जळफळाट घेऊनच. माझे बाबा वर्षानुवर्षं पुण्याहून वऱ्हाडात रत्नं विकायला येत. ते गेले आणि त्यांची सगळी गिऱ्हाइकं इथल्या जुन्या दलालाकडे, श्यामरावांकडे वळली. रत्नपारखेची परीक्षा पास झालेली मी. दुकान, जीएसटी, प्रत्येक खड्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र. तरी मला एकाचाही फोन नाही! या माणसाचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून निघाले होते.

स्टेशनबाहेर कर खात्याच्या पथकानं माझी पेटी उघडायला लावली. "मॅडम, चलानावर तारीख नाही." तासभर तिथेच. बाबांच्या गिऱ्हाइकांना भेटायचंय असं मी कळवलं होतं, म्हणून मला घ्यायला आलेले श्यामराव शेजारी उभे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुड्यांत नग (खडे) होते; त्यांना कुणी हटकलं नाही. वर त्यांनीच माझ्यासाठी गरम कचोरी आणली. ती चांगली होती, याचाही मला राग आला.

दुपारच्या एसटीनं अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्हीकडे काळ्या रानात तूर पिवळी फुललेली. श्यामराव गावागावातली लग्नं-बाळंतपणं सांगत होते, मी नुसतं हूं हूं करत होते.

राजापेठेत निवृत्त शिक्षिका कुसुमकाकूंकडे गेलो. त्यांना सुनेसाठी नीलम हवा होता. श्यामरावांनी पुडी जांगड (पसंत पडला तर घ्यायचा, नाहीतर परत) दिली. सही नाही, चिठ्ठी नाही.

"आठ दिवस तिच्या उशाखाली ठेवून पायतो," काकू म्हणाल्या.

"आणि कागद?" मी विचारलं.

"श्यामभाऊ हायेत ना! कागद काहाले पायजे?"

माझ्या अंगाची आग झाली. काकूंच्या बोटात पुष्कराज होता.

"तुया बाबानं देल्ला होता. चीर गेली, त श्यामभाऊनं बदलून देल्ला."

आता सापडला, मी मनात म्हटलं. बाबांचा अस्सल काढून खोटा बसवला असणार. भिंग लावलं. आत रेशमासारखे बारीक तंतू. खडा अस्सल होता, माझ्या दुकानातल्यांहून सरस.

संध्याकाळी बडनेऱ्याला माझ्या गाडीची वाट पाहत बसलो असताना श्यामरावांनी एक पुडी पुढे केली. "काकूचा पह्यला नग. पाहा."

भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले. कारखान्यात बनलेला.

"मालकायले, तुमच्या बाबायले, कोनंतरी फसवलं होतं, ताई. जायच्या आंधी त्यायले समजलं. लय रडले. म्हने, श्याम, माह्यं नाव जाईन. म्हनून एकेकाले चीर गेली म्हनतो अन् बदलून देतो. तिवस्याचं एक घर राह्यलं हाये."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यायनंच सांगतलं होतं, पोरीले सांगू नको. आज तुमी भिंग काहाडलं, म्हनून बोललो."

मी पेटीतला एक पुष्कराज तिवस्यासाठी त्यांच्या हातात ठेवला. चिठ्ठी मागितली नाही. गाडी आली, मी निघाले.

पुण्याला येऊन आठवडा झाला. हेवा गेला असेल, असं कुणालाही वाटेल. नाही गेला. गिऱ्हाइकं त्यांना लखलाभ होवोत. पण बाबा माझ्यापुढे कधी रडले नाहीत, त्यांच्यापुढे रडले.